तीस रुपयांचा पार्ट आणि पाचशे किलोमीटर

राजेहो, पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या वावरात झटका मशीन आहे त्यानं तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या भादव्यातली गोष्ट. मोताळा तालुक्यात माझे एक मामा आहेत, सख्खे नाहीत पण सख्ख्यापेक्षा जवळचे. त्यांचं वावर ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला आहे. चार एकर मका. कणसात दूध भरलं की रानडुकरांना कोणी तार केल्यासारखी खबर लागते. एक कळप रात्रीतून आत शिरला तर सकाळी अर्धा एकर आडवा झालेला दिसतो. खातात थोडं, तुडवतात जास्त. रोही असतात ते वेगळेच. आणि ज्ञानगंगेत अस्वलं आहेत, त्यामुळे जागलीला जाणारा माणूस डुकरापेक्षा अस्वलालाच जास्त भेतो.

म्हणून मामांनी तीन वर्षांपूर्वी झटका मशीन घेतली. एक छोटं सोलर पॅनल, एक बारा व्होल्टची बॅटरी, एक डबा आणि वावराभोवती तार. डबा "टक्... टक्... टक्" करत राहतो आणि दर टकटकीला तारेतून एक झटका जातो. डुकरानं नाक लावलं की किंचाळत मागं पळतं. मरत नाही.

हे "मरत नाही" नीट लक्षात ठेवा, सगळी गोष्ट तिथंच आहे.

सप्टेंबरात एका संध्याकाळी जवळ कुठंतरी वीज पडली आणि मशीन बंद. टकटक थांबली. मामांनी दुसऱ्या दिवशी डबा डिक्कीत टाकला आणि मलकापूरला माझ्याकडे आले. आमच्याकडे एक मेकॅनिक आहे, सगळे त्याला मास्तरच म्हणतात. शाळा दहावीपर्यंत, पण सर्किट पाहिलं की डॉक्टरनं नाडी धरल्यासारखं बोलतो. त्यानं डबा उघडला, मल्टिमीटर लावला आणि पाच मिनिटांत सांगितलं, "एससीआर गेला भाऊ. अन् त्याच्याजवळचा कंडेन्सर फुगला. बाकी सगळं ठीक हाये."

एससीआर म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. तुम्हालाही सांगतो, कारण पुढं लागेल. मशीनमध्ये बॅटरीचे बारा व्होल्ट आधी वाढवून पाच-सहाशे व्होल्ट करतात आणि एका कंडेन्सरमध्ये भरतात. भरला की एससीआर नावाचा तीन पायांचा पार्ट दार उघडावं तसं उघडतो आणि सगळा साठा एका क्षणात ट्रान्सफॉर्मरमध्ये ओततो. तिथून आठ-दहा हजार व्होल्टचा झटका तारेवर जातो. व्होल्टेज ऐकून घाबरू नका, तो झटका सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्याएवढाच असतो. मग पुढची टकटक येईपर्यंत तार मेलेली. तेवढ्यात जनावर काय, माणूसही हात सोडवून घेतो. घरच्या लाइनीची तार लावली तर असं होत नाही. दोनशे तीस व्होल्टचा करंट थांबतच नाही, स्नायू आखडतात, धरलेली तार सुटत नाही.

मास्तरच्या मशीनवर जो जळालेला पार्ट होता त्याचं नाव बीटी-१५१. काळा, अंगठ्याच्या नखाएवढा, वर पत्र्याचा तुकडा आणि त्याला भोक. मास्तर म्हणाला, "तीस रुपयाचा पार्ट हाये."

"मग टाका ना."

"माह्याजवळ असता त टाकला नसता?"

तिथून सुरुवात झाली.

मलकापुरात नाही. नांदुऱ्यात नाही. खामगावला एका ओळखीच्या पत्रकार मित्राला फोन केला, तो चार दुकानं फिरला. एका दुकानदारानं त्याला मोबाइलचं चार्जिंग जॅक दाखवलं, दुसऱ्यानं सांगितलं की पूर्ण किट मिळेल, सुटं काही नाही. बुलढाण्यात, चिखलीत तेच. अकोल्याला चौकशी केली तर "ऑर्डर द्या, पुढच्या आठवड्यात पाहू". ज्याच्याकडून मशीन घेतली होती त्या विक्रेत्यानं सांगितलं की डबा कंपनीला पाठवा, पंधरा-वीस दिवस धरून चाला. आणि वॉरंटी संपली आहे, त्यामुळे खर्च काय येईल ते तिकडून कळवतील. पंधरा-वीस दिवसांत मका काय डुकरांना सांगून ठेवायचा का, की थांबा बाप्पा, डबा पुण्याला गेला आहे?

तेरा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या आसपास होती. शेगावला १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, खामगावला सरकारी तंत्रनिकेतन आहे, तालुक्यातालुक्यात आयटीआय. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी पोरं हजारोंनी बाहेर पडली असतील. आणि तीस रुपयांचा एससीआर आम्ही फिरलो तेवढ्या एकाही दुकानाच्या काउंटरवर मिळाला नाही.

असं पहिल्यापासून नव्हतं. माझ्या लहानपणी आमच्या गावात रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. भिंतीला पत्र्याचे छोटे छोटे खण, प्रत्येकावर खडूनं आकडे. रेझिस्टन्स दहा पैशाला, चार आण्याला. वडिलांचा मर्फी रेडिओ बिघडला की मेकॅनिक चिठ्ठी द्यायचा आणि मी त्या दुकानातून वस्तू आणायचो. पुढं टीव्ही आले. जुन्या डब्बा टीव्हीचं इएचटी जळायचं, तेही तिथं मिळायचं. दुकानदार काका बारावी नापास, पण कुठल्या कंपनीच्या टीव्हीला कुठलं इएचटी बसतं हे तोंडपाठ. मग चपटे टीव्ही आले. त्यात काही बिघडलं की बोर्डच बदलायचा. बोर्ड दुकानात ठेवणं परवडत नाही, शंभर मॉडेल आणि शंभर बोर्ड. काकांच्या मुलानं दुकान मोबाइल कव्हर आणि स्क्रीनगार्डचं केलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खणांमध्ये आता इअरफोन लटकतात.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत रेडिओशॅक म्हणून गावोगाव दुकानं असलेली मोठी साखळी होती, २०१५ मध्ये तिचं दिवाळं निघालं. इंग्लंडमधलं मॅप्लिन २०१८ मध्ये बंद झालं. पण तिथं माणसाला घरबसल्या दुसऱ्या दिवशी खात्रीचा माल मिळतो. आपल्याकडे काय मिळतं ते पुढं सांगतो.

मास्तरनं आधी जुगाड केला. फुगलेल्या कंडेन्सरच्या जागी पंख्याचे दोन कंडेन्सर जोडून टाकले. आणि डब्यात एक जुना एससीआर सापडला, त्याच्यावरही बीटी-१५१ च लिहिलेलं. बसवला. टकटक सुरू झाली. मामा खूश. दोन रात्री चालली, तिसऱ्या रात्री बंद. मामांचा पहाटे पाचला फोन, "भाच्या, पाच-सहा ओळी गेल्या रे."

मग ऑनलाइन मागवला. एका वेबसाइटवर दहा नगांचं पाकीट, फोटो झकास, चार स्टार. सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मामा आणि त्यांचा मुलगा आळीपाळीनं जागल करत होते. पत्र्याचा डबा बडवायचा, फटाके फोडायचे, बॅटरी मारायची. पाकीट आलं, मास्तरनं एक बसवला, सुरू केला. तिसऱ्या टकटकीला फट्. दुसरा, तोही गेला. मग त्यानं एक काम केलं जे मी आयुष्यभर विसरणार नाही. कापसाच्या बोळ्याला थिनर लावलं आणि पार्टवर घासलं. वरची पांढरी अक्षरं निघून गेली. खाली पुसट दुसरेच आकडे दिसायला लागले.

"पाय," तो म्हणाला, "भंगारातला काढला, घासला, नवीन नाव छापलं. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं रेशन उचलतात नं, तसं."

दहा नगांचे पैसे गेले ते जाऊ द्या. परत पाठवा म्हणे, पण सोल्डर लावलेला माल परत घेत नाही म्हणे.

त्या संध्याकाळी मामा माझ्या ओट्यावर बसले होते. चहा थंड होत होता. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "भाच्या, तुह्याच्यानं होत नसंल त सांग. म्या विहिरीवरून डायरेक्ट लाइन टाकतो. शेजारच्यानं टाकलीच हाये."

वीस वर्षं या धंद्यात आहे. "कुंपणातील विद्युत प्रवाहाने शेतकऱ्याचा मृत्यू" ही बातमी मी इतक्या वेळा लिहिली आहे की मथळा आपोआप टाइप होतो. चार ओळी, आतल्या पानावर. कधी डुकरासाठी लावलेल्या तारेत लावणाराच जातो, सकाळी बंद करायचं विसरतो. कधी शेजारचा. कधी रात्री पाणी द्यायला निघालेला पोरगा, कारण आपल्याकडे शेताला लाइन रात्रीचीच जास्त येते. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, अटक, दोन्ही घरं उद्ध्वस्त. एकदा शवविच्छेदन गृहाबाहेर एक बाई बसली होती. रडत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होती की ते रोजच्याच वाटेनं गेले होते. ते वाक्य मी बातमीत घेतलं नाही. चार ओळींत बसत नव्हतं.

मामांना म्हटलं, "सोमवारपर्यंत थांबा. मी मुंबईला चाललोय. घेऊनच येतो."

मुंबईला मी तसाही जाणार होतो. आपल्या भागातले काही लोक आझाद मैदानावर धरण्याला बसले होते, त्यांची बातमी करायची होती. मास्तरला विचारलं तिकडं कुठं मिळेल. त्यानं डोळे मिटले आणि एखादा वारकरी पंढरीचं नाव घेतो तसं म्हणाला, "लॅमिंग्टन रोड." तो स्वतः कधीच गेलेला नाही. त्याच्या उस्तादानं त्याला सांगितलं होतं, उस्ताद एकदा गेले होते.

रात्री विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी मुंबई. दुपारपर्यंत मैदानावरचं काम उरकलं आणि चर्चगेटहून स्लो लोकल धरली. मरीन लाइन्स, चर्नी रोड, तिसरं ग्रँट रोड. पूर्वेला बाहेर पडून विचारत गेलं की दहा मिनिटांत पोचतो. पाटीवर लॅमिंग्टन रोड शोधू नका, सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण टॅक्सीवाल्याला भडकमकर सांगितलं तर तो तुमच्याकडेच पाहत राहील. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. हाच लॅमिंग्टन १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हजर होता, जेव्हा उधमसिंगांनी मायकेल ओडवायरला गोळ्या घातल्या. लॅमिंग्टनलाही गोळी लागून जखम झाली होती. रस्त्याचं नाव बदललं तरी लोकांच्या तोंडातून तो काही गेला नाही. याच रस्त्यावर मिनर्व्हा टॉकीज होतं, जिथं १९७५ ला लागलेला शोले पाच वर्षं चालला. आता टॉकीज नाही.

रस्त्यावर पाय ठेवला आणि माझी निराशाच झाली, खोटं का बोलू. सगळीकडे सीसीटीव्ही, लॅपटॉप, प्रिंटरची शाई, रंगीत लाइटवाले कॉम्प्युटर. फुटपाथवर टेबल मांडून रिमोट आणि केबली. पोरं हात धरूनच बोलावतात, "क्या चाहिए बॉस?" मी एससीआर म्हटलं की हात सोडून देतात. मनात म्हटलं, इथंही काकांच्या मुलानं स्क्रीनगार्ड लावलेत.

पण जरा आत शिरावं लागतं. जुन्या इमारतींच्या बोळात, पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्यानं चढून. तिथं खरा बाजार आहे. एका दुकानात नुसते ट्रान्सफॉर्मर. एकात नुसते कनेक्टर, हजार प्रकारचे. एकात प्लास्टिकचे रिकामे डबे, सर्किट ठेवायला. एकात तांब्याचा पत्रा चिकटवलेली पाटी, जिच्यावर सर्किट कोरतात. कुठल्या दुकानात काय मिळतं हे शेजारचा दुकानदार सांगतो, स्वतःकडे नसलं तर बोटानं दाखवतो. भाषा म्हणाल तर गुजराती, हिंदी, मराठी सगळी, पण खरी भाषा आकड्यांची. तुम्ही नंबर म्हणा, तो मागं न बघता खणात हात घालतो.

पहिल्या दुकानात सांगितलं, शंभर नगांच्या खाली देत नाही. दुसऱ्यात विचारलं, "ओरिजिनल चाहिए या चालू?" हा प्रश्न मला फार आवडला. किमान विचारलं तरी! वेबसाइटनं तेवढीही माणुसकी दाखवली नव्हती.

तिसऱ्या दुकानात काउंटरवर सत्तरीचे एक काका होते. चष्मा कपाळावर. मी जळालेला पार्ट कागदातून काढून त्यांच्यासमोर ठेवला, मास्तरनं तसंच सांगितलं होतं, नाव सांगू नको, पार्ट दाखव. त्यांनी भिंग लावलं आणि मराठीत विचारलं, "कशात होता?"

"झटका मशीन. शेतात कुंपणाला..."

"डुक्कर का?"

मी चाटच पडलो. ते म्हणाले, तुमच्याकडचे येतात की. पावसाळ्यात वीज पडली की आठवड्याभरात कोणीतरी येतंच. मग मी सगळी कथा सांगितली, मास्तरनं टाकलेला जुना पार्टही दाखवला. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि नखानं दाखवलं. कंपनीच्या पार्टवर बीटी-१५१ च्या पुढं ८०० होतं. मास्तरच्या डब्यातल्या पार्टवर ५००.

"हा पाचशे व्होल्टचा. तुमच्या मशीनमध्ये सहाशेच्या जवळ चढत असेल. दोन दिवस चालला हेच नशीब. नुसतं एकशे एक्कावन्न मागायचं नाही, शेवटचा आकडा सांगायचा."

एवढ्याशा आकड्यात दोन रात्री आणि सहा ओळी गेल्या होत्या. मास्तरला तो आकडा माहीत नव्हता असं नाही. त्याच्याजवळ दुसरा नव्हता म्हणून त्यानं तो टाकला, चालला तर चालला. ज्याच्या खणात एकच पार्ट असतो त्याला शेवटचा आकडा पाहण्याची चैन परवडत नाही.

काकांनी पाच नग दिले. मी विचारलं ओरिजिनल ना, तर त्यांनी उत्तर न देता काउंटरवरच्या एका छोट्या मीटरमध्ये पाचही एकेक करून लावून दाखवले. कंडेन्सर त्यांच्याकडे नव्हता. पोरगा सोबत देऊन समोरच्या इमारतीत पाठवलं. तिथं झटक्यालाच चालतो असा मिळाला, पंख्याचा नाही. एकूण बिल चारशेच्या आत. जाण्यायेण्याचं रेल्वेचं भाडं त्याच्यापेक्षा जास्त झालं.

निघताना काकांना विचारलं, मुलं बसत नाहीत का दुकानावर? ते हसले. मुलगा परदेशात. "माझ्यानंतर इथं सीसीटीव्हीच लागणार," म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजची दोन पोरं, हातात वहीच्या पानावर लिहिलेली यादी.

पहाटे अंधारात मलकापूरला उतरलो. मास्तरनं सकाळी नऊला दुकान उघडायच्या आधीच डबा उघडून ठेवला होता. अकरापर्यंत टकटक सुरू. त्यानं तारेच्या तुकड्याजवळ टेस्टर नेला, निळी ठिणगी उडाली. मग म्हणाला, "उरलेले चार ठेवतो मी. तुमच्या मामाचे नाई, सगळ्याच मामायचे."

आता जरा गावगाड्याबाहेरचं बोलतो, कारण पोस्ट नुसती मामांच्या मक्यासाठी लिहिली नाही.

सरकार सौर कुंपणाला पैसे देतं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत ७५ टक्के, कमाल १५ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. चांगली गोष्ट आहे, मी त्याची बातमीही केली होती. पण अनुदान डबा विकत घेताना मिळतं. डबा बंद पडल्यावर शेतकरी एकटा असतो. जो विक्रेता अनुदानाच्या यादीत बसतो, त्याच्यावर तालुक्याच्या गावी पाच एससीआर, पाच कंडेन्सर आणि एक शिकलेला माणूस ठेवण्याची सक्ती का नको? पाच एससीआर म्हणजे दीडशे रुपये. आता सोलर पंप गावोगाव लागत आहेत. त्यांच्या कंट्रोलरला पाच वर्षांची हमी आहे, सहाव्या वर्षी काय? सहाव्या वर्षी आपण सगळे मिळून विदर्भ एक्स्प्रेसनं जाणार का?

केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं हे एक क्षेत्र आहेच. कागदावर आपला हक्क आहे. पण पोर्टलवर कंपन्यांचे फोन नंबर असून मक्याला काय उपयोग? हक्क म्हणजे शेवटी पत्र्याच्या खणात ती वस्तू असणं आणि ती बसवणारा माणूस जवळ असणं.

आणि दुसऱ्या टोकाला, देशात चिप बनवायला डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटींची योजना मंजूर झाली. व्हायलाच पाहिजे, माझा विरोध नाही. फक्त चिप गुजरातेत बनो की आसामात, ती मोताळ्याच्या वावरापर्यंत येणार कशी, याचा विचार कुठल्या कोटीत बसतो ते कोणीतरी सांगा.

मला सुचतं ते साधं आहे. आपल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅब आहेत. त्यांच्याच दारात एक खिडकी उघडा. शे-दीडशे नेहमी लागणारे पार्ट, विकतच्या दरात, खात्रीचे, पोरांनी तपासलेले. मेकॅनिक येईल, शेतकरी येईल, प्रोजेक्टवाली पोरंही येतील, जी आज कुरिअरची वाट पाहत बसतात. बचत गटाला चालवायला दिलं तरी चालेल. जपानमधलं अकिहाबारा युद्धानंतर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या टपऱ्यांतूनच उभं राहिलं, चीनमधल्या शेन्झेनच्या बाजारातही हाताएवढ्या काउंटरांवर माल विकतात. टपरी लहान असली तरी चालते, फक्त जवळ पाहिजे.

तोपर्यंत ज्यांना जावंच लागेल त्यांच्यासाठी, माझ्या चपला झिजवून शिकलेलं: रविवारी जाऊ नका, सकाळी अकराच्या आधीही नको. जळालेला पार्ट फेकू नका, सोबत न्या. पूर्ण नंबर, शेवटच्या आकड्यासकट, कागदावर लिहून न्या आणि बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मीटरवर लावून दाखवा म्हणायला लाजू नका. बिल घ्या. मुंबई लांब वाटत असेल तर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास दुकानं आहेत. कोणाचा पोरगा बंगळूरला असेल तर एसपी रोड, चेन्नईला असेल तर रिची स्ट्रीट, दिल्लीत असेल तर लाल किल्ल्यासमोरचं लजपतराय मार्केट. सणाला गावी येताना पोरांना मिठाईऐवजी यादी पाठवा.

मामांचा मका निघाला. दहाएक ओळी गेल्या, बाकी वाचलं. शेजाऱ्याच्या डायरेक्ट तारेचं विचाराल, तर मी आणि मामा त्याच्याकडे गेलो होतो. भांडायला नाही. त्याच्याकडेही झटका मशीन होतीच, गोठ्यात धूळ खात पडलेली, दीड वर्षापासून बंद. कंपनीकडे दोनदा फोन केला होता म्हणे, मग सोडून दिलं. मास्तरनं उघडून पाहिली. तोच एससीआर. चारमधला एक तिथं गेला. तार त्याच संध्याकाळी विहिरीवरून काढली, मी काढेपर्यंत उभा होतो.

मास्तरच्या खणात आता तीन राहिले होते, दिवाळीपर्यंत संपले. आता आसपासच्या गावांतून सहा डबे येऊन पडले आहेत आणि हरभरा वर येतोय. त्याला बीटी-१५१-८०० चे पंधरा नग हवेत, आणि ६३० व्होल्टचे दहा मायक्रोफॅरडचे कंडेन्सर आठ. या आठवड्यात कोणी मुंबईला जात असेल आणि ग्रँट रोडला उतरू शकत असेल तर मला इनबॉक्स करा. पैसे आधी पाठवतो, दुकानाचा जिना कुठून चढायचा तेही सांगतो.